नादकाटा

नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगरामागे जातो
आणि जानेवारी संपत येईतो
इसाफ्योर्दुर गावाला तोंड दाखवत नाही.
उजाडतं, नाही असं नाही,
पण उजेड कसा, तर धुऊन धुऊन विटलेली चादर,
अकराला अंथरायची
आणि तीनच्या आत गुंडाळून ठेवायची.

टोमॅटो त्याआधीचा. सप्टेंबरातला.
माझ्या डब्यातल्या पावातून एक चकती घसरून पडली,
हाल्बेरानं ती सुरीच्या टोकानं उकरली,
सात बिया कॉफीच्या गाळणीकागदावर वाळवल्या,
दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या.
मी म्हटलं, बाजारातलं बी, उगवेल कशावरून?
ती म्हणाली, "काय?"
तिला डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही.
उजव्यानं येतं, मनात असेल तर.

मी तिच्या तळघरातली भाडेकरू, बोग्ना,
ग्दान्स्कहून दोन वर्षांसाठी आलेली, सहा वर्षांपूर्वी.
दिवसभर कॉड माशाचे काटे काढते.
संध्याकाळी वर जाते ती टोमॅटोसाठी नाही,
तिच्याकडचा रेडिएटर माझ्याकडच्यापेक्षा तापतो म्हणून.

सातांतली तीन जगली.
एकीचं पान रात्री काचेला चिकटलं,
सकाळी काळं, ओल्या कागदासारखं.
हाल्बेरा तिच्याशी दोन दिवस बोलली नाही,
जणू चूक रोपाची.
मग कुंड्या वीतभर आत घेतल्या,
पियानोवरचा दिवा खाली ओढला,
विणायच्या सुया रोवून मासेमारीच्या दोऱ्यानं बांधलं सगळं,
आणि रोज पाव वळसा,
म्हणजे कुणा एका पानाचे लाड होऊ नयेत.

डिसेंबरात फुलं आली. पिवळी, खाली माना घातलेली.
आली आणि गळली. पुन्हा आली, पुन्हा गळली.
बंद खोलीत वारा कुठला,
आणि इथला भुंगा मे महिन्याशिवाय जागा होत नाही.

तेव्हा तिनं कपाटातून नादकाटा काढला.
चाळीस वर्षं ती बोटीनं गावोगाव हिंडून
चर्चमधले, शाळांमधले पियानो जुळवायची.
काटा गुडघ्यावर आपटला,
देठाला लावला.
पिवळी भुकटी भुरभुरली
तिच्या काळ्या स्वेटरच्या बाहीवर.

"वाजतोय अजून?" ती विचारायची.
"वाजतोय," मी सांगायची.
मग पुढचं फूल.

एकदा बारा तासांची पाळी करून आले होते.
डोळे मिटत होते. काटा केव्हाच गप्प झाला होता.
"वाजतोय?"
"वाजतोय."
हाल्बेरानं माझ्याकडे पाहिलं.
"खोटं बोलतेस. हाताला कळतं मला."
मग इतके दिवस विचारत का होतीस,
हे मी विचारलं नाही.

सूर्य परतायचा त्या दिवशी
घरोघरी पातळ धिरडी होतात, साखर भुरभुरून.
एकच फळ लाल झालं होतं, आठवडाभर आधीच,
पण तिनं ते तोडू दिलं नाही. सूर्याला दाखवायचं म्हणे.
त्या दिवशी ढग आले. डोंगरसुद्धा दिसेना.
दुसऱ्या दिवशीही ढग.
तिसऱ्या रात्री टोमॅटो आपणहून पडला,
कुणाला काही न सांगता, रेडिएटरमागे.
वासावरून सापडला, निम्मा शिजलेला.
आम्ही तो पावावर फासून खाल्ला.
आंबट होता. साल जाड.
लोकरीचा एक धागा निघाला.

खाऊन झाल्यावर तिनं काटा पुन्हा आपटला
आणि त्याची दांडी टेकवली माझ्या मनगटाच्या हाडावर,
सुरी धरून धरून सुजतं ना, तिथे.
"ऐक," म्हणाली.

खोलीत काही नव्हतं.
हाडातून मात्र वर येत होतं,
कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत.

किती वेळ गेला कोण जाणे.
त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचले,
आणि मुकादम, गुन्स्टेन, घड्याळाकडे बोट दाखवून
काहीतरी बोलत होता.