उघडलंच आहे तर

खरं तर फक्त तो प्लॅस्टिकचा तुकडा बदलायचा होता.
साखळीचा ताण धरून बसणारा, अंगठ्याएवढा.
चौसष्ट हजार मैल साखळी त्याच्या पाठीवरून धावली
आणि त्याने हूं की चूं केलं नाही.
झाकण काढलं तर पाठीत दोन चर,
ओल्या मातीत चाकांनी पाडावेत तसे,
आणि झिजलेला सगळा चुरा तेलात.
इतकी वर्षं इंजिन आपल्याच घराचा भुगा पीत होतं.

बाहेर हॅनकॉकचा फेब्रुवारी.
बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत.
मी बादली पालथी घालून बसलेय,
उजवा गुडघा माझा, डावा कंपनीचा.
बसवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
"मूळ मापाचाच असतो, मिसेस हेइक्किला.
जास्त उडीचा मिळत नाही."

म्हणूनच असेल कदाचित.
उघडलंच आहे तर बेअरिंग बदलू.
बेअरिंग निघालेच आहेत तर तेलाचा पंप,
पंपापर्यंत आलोच तर लिफ्टर,
आणि एवढं सगळं नवं घालून
वर जुनेच कॅम चढवायचे?
नव्या घरात जुनी भांडणं नेल्यासारखं.
छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली,
काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ दिला नाही.
जरा चढे कॅम मागवले.

दारात आर्वो, कॉफीचा मग घेऊन.
एकतीस वर्षं त्याने कालव्यावरचा पूल उचलला.
भोंगा ऐकायचा, फाटकं पाडायची,
दोन्ही काठांच्या गाड्या थोपवायच्या,
मग रस्ताच्या रस्ता सरळ वर,
जहाज जाईल इतका.
"इतकाच," तो म्हणतो. "डोलकाठीवर हातभर जागा.
उचललेलं सगळं खालीही ठेवावं लागतं,
आणि तोवर कुणीतरी खोळंबलेलं असतं."

मी नवा कॅम त्याच्या हातात दिला.
हा बघ, दांड्यावरचा उंचवटा.
झडप कधी उचलायची, किती, केव्हा सोडायची,
सगळं याच्या आकारात.
त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला,
अंगठा फिरवला, माथ्यावर थांबला.
"हा बराच वेळ उघडं ठेवतो."
हो.
"आणि दोन्ही झडपा एकदम उघड्या?"
क्षणभर. एकजण निघतोय, एकजण येतोय.
"आमच्याकडे यावर नोकरी गेली असती."

ठिपक्यासमोर ठिपका आला.
बोल्ट पान्याखाली टक् म्हणाले, एकेक.
प्लग काढून गाडी वरच्या गिअरला टाकली,
आर्वोने मागचं चाक हाताने फिरवलं, हळू.
कुठे अडलं तर जोर लावू नकोस.
"जोर कधी लावला मी?"
खरंय. बेचाळीस वर्षांत नाही.
झडपा वर गेल्या, खाली आल्या,
कुणी कुणाला धडकलं नाही.

मार्चच्या सातला बटण दाबलं.
तेलाचा दिवा लाल.
एक, दोन, तीन,
बसमध्ये पोरं मोजायचे तशी मोजत होते,
एक कमी भरलं की पोटात खड्डा पडायचा तो पडला,
नवाला दिवा विझला.

आणि मग तो आवाज.
सरळ नाही. एक पाऊल टाकावं,
थबकावं, दुसरं उशिरा टाकावं.
"बिघडलंय," आर्वो म्हणाला.
नाही रे. आता असंच चालणार ते.
तो माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिला
आणि मग हसला, मगमधली कॉफी सांडेपर्यंत.

रस्ता अजून दीड महिना बर्फाखाली.
गॅरेजचं दार त्याने आधीच वर घेतलं होतं,
हातभर, धूर जाईल इतकंच.
अजून, मी म्हणाले.
त्याने गुडघ्यापर्यंत उचललं.
थंडी आत घुसली, भुरभुर बर्फ आमच्या बुटांवर.
मी थ्रॉटल किंचित पिळला.
अजून.