पत्रिका, सहा एमबी

बिड्यांचा हिशेब देऊन शेवंताक्का दुकानात आल्या,
पदराला तंबाखूचा वास,
फोन चिमटीत, विंचू धरावा तसा.
"पत्रिका आलीया, तवनाप्पा. उघडंना बघ."

निपाणीत लग्नसराई. पत्रिका येणारच.
पण हिच्या नावापुढं तीन अक्षरं: ए, पी, के.
अज्ञात स्रोत, फोन कन्नडात बजावतो
(भाषा लेकानं लावून दिलेली),
मी मराठीत सांगतो.
"अज्ञात कसला? संकेश्वरचा माझा भाचा हाय त्यो.
त्येच्या कानात नाव मी सांगितलंय."

यावर मला उत्तर सुचत नाही.

फाईल तपासायला टाकली.
एकसष्ट तपासनीस म्हणाले, काही नाही.
चौघं म्हणाले, आत घेऊ नका.

माझ्याकडं एक तडकलेला फोन आहे.
सिम नाही, पैसा नाही, कुणाचा नंबर नाही.
असले पाहुणे मी आधी त्याच्या ओसरीवर बसवतो.
ही बसली, आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाली:
मेसेज वाचू द्या.
सगळे नंबर बघू द्या.
तुमच्या पडद्यावर माझा पडदा सोडू द्या.

शेवंताक्का वाकून ऐकत होत्या.
"लग्नाला बोलवणाऱ्याला
माझे मेसेज कशाला पायजेत?"

बास. चौघांपेक्षा हे नेमकं.

भाच्याला फोन लावला.
"कसलं लगीन, आत्ती? अजून पोरगी बघायचीया.
कालपासनं फोन तापतोय, अन् सगळी गल्ली
मला आहेर काय आणायचा विचारतीया."

त्या हसल्या नाहीत.
"पान कातरायच्या आदी उजेडाला धरतो आमी," म्हणाल्या,
"भोक टाचणीएवढं असतंय.
सरळ हातानं दिसत न्हाई."

आता त्यांच्या फोनातून ती काढायची,
तर तोवर पडदा विझलेला.
अंगठा लावला. ओळख पटली नाही.
पदराला पुसून लावला. नाही.
चाळीस वर्षं बिडी वळून रेषाच झिजल्यात,
रेशनच्या मशीनलाही चालत नाहीत.
ज्याचा अंगठा त्याला दार उघडत नाही,
आणि ही सहा एमबीची बया—

"आकडे घाला, आक्का," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं,
नीट, पान बघावं तसं.
मग पाठ फिरवली,
पदर आडवा धरला
आणि चार आकडे दाबले.