अकरा मिनिटं जिना

हर्णैला बर्फाच्या कारखान्यावर माझं दुकान.
लग्नं कापतो मी, साखरपुडे, उरूस, नव्या होडीची पूजा.
खाली लादी फुटली की वर टेबल हादरतं.
तौफिक होडेकरच्या डिस्का याच टेबलावर आल्या,
दुबईमार्गे, कुणा खलाशाच्या बॅगेतून,
एकेक लोकरीच्या मोज्यात घातलेली.
मोजे चोवीस, डिस्का तेवीस.
एक मोजा नुसताच.

शहराचं नाव त्याने कुठेच लिहिलेलं नाही.
फक्त तारीख, आणि तारखेपुढे
त्या दिवशी मिळालेलं पाणी, लिटरमध्ये.

त्या शहरालाही समुद्र आहे.
खिडकीतून दिसतो. उतरता येत नाही, सुरुंग पेरलेत.
एक मुलगा कॅमेऱ्याला विचारतो
(चित्राखालची अक्षरं मी टंकतो, तौफिकच्या वहीतून बघून):
तुमच्याकडचा समुद्र चालू असतो का?
दोन महिने बंद ठेवतो, तौफिकचा आवाज,
माशांना पिल्लं होतात तेव्हा.
मुलगा हसत नाही. बोटं मोजतो.
आमचा सात झाले.

वेढा मला ठाऊक होता तो दोरखंडाचा.
खुंटाला दोन घालायचे, तिसरा उलटा,
मग भरतीलाही होडी जागची हलत नाही.

एक बाई गादी उसवून कापूस काढते,
खिडकीच्या फटीत बोटाने दाबते.
एक शिंपी काचा उडालेल्या चौकटींची मापं घेतो
आणि पेन्सिल कानामागे ठेवायला विसरत नाही.
दोन म्हातारे, त्याच चहापत्तीचा चौथा दिवस,
तिला अजून रंग आहे की नाही यावर भांडतात.
तोफ वाजली की चित्र हलतं.
ते दोघे नाही.

जैबूनचाची दुपारी येते, लिलाव आटपून,
हाताला कोलंबीचा वास, खुर्चीच्या कडेवर टेकते.
"यात माझा पोर कुठं हाय?"
चाची, कॅमेरा त्याच्याच हातात आहे.
"बहिणीच्या निकाहात पण हेच केलंन.
एका फोटोत नाय."

एकोणिसाव्या डिस्कवर तो खोकला.
माझं बोट सवयीनं पुसायला गेलेलं.
तिनं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे तो."
मग तीनदा ऐकला. कफ झालाय, म्हणाली,
जसं काही मी काढा आणून देणार होतो.

तेविसाव्यावर जिना.
वीज नाही, झरोक्यातून येईल तेवढा उजेड.
सांडलेलं पाणी पायऱ्यांवर गोठलेलं.
एक म्हातारी, दोन्ही हातांत डबे, घसरते,
आणि तौफिक, इतके महिने त्यांच्या भाषेत बोलणारा,
आपल्या भाषेत ओरडतो:
हळू! हळू, आजी, निसरडं झालंय!
म्हातारी थांबते. कठडा धरते.
काय कळायचं ते तिला कळलेलं असतं.

मग चित्र आडवं.
भिंतीचा पोपडा, कठड्याचे तीन गज,
कुणाचीतरी बादली.
अकरा मिनिटं एवढंच.
पावलं वर जातात, डब्यात पाणी डुचमळतं,
लांब कुठेतरी दार.

संस्थेच्या बाईंनी कळवलं होतं, हा भाग खराब आहे, काढा.

चाची ओठांनी मोजत होती.
"बहात्तर. चौथा माळा.
डाव्या पायावर थांबतोय, गुडघा परत सुजला."
आणि मग: "आता रिकामा हाय. बघ, पळत उतरतोय."
उतरताना कोपऱ्यात एक बूट दिसला, नाडी सुटलेली,
अर्धा सेकंद, फार तर.
तिनं पडद्यावर बोट ठेवलं.
खाली लादी फुटली, बोट आणि बूट दोन्ही हादरले.

रात्री मी बाईंना उत्तर लिहिलं,
तीन वेळा खोडलं, शेवटी एवढंच राहिलं:
चित्र खराब नाही.
खाली ठेवलंय.