मागची अकरा पानं

मशीन डिझाइनच्या वहीची
मागची अकरा पानं कोरी राहिली होती,
तिथंच मांडलाय हिशेब.
हातात पडतात एकतीस हजार चारशे.
कर्वेनगरची खोली, मेसचा डबा,
ऑगस्टपासून शिक्षणकर्जाचा हप्ता.
उरतं ते पेन्सिलीनं.

वाकडला पाहिली एक, आठ वर्षांची, राखाडी.
डॉक्टरांनी वापरलेली म्हणे;
पुण्यात जुनी गाडी कायम डॉक्टरांचीच असते.
दार लावलं, तर आवाज आला
पितळी डब्याच्या झाकणासारखा, भरल्या घरचा.
टायर, इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च...
‘ते किरकोळ हो मॅडम,’ मालुसरे एजंट म्हणाला.
त्याच्या किरकोळात माझे दोन पगार बसतात.

पार्किंगचं विचारलं
तर सेक्रेटरी परचुरे चष्मा पुसत राहिले,
‘भाडेकरू ना तुम्ही?’
तिथं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

रात्री आईला सगळं वाचून दाखवलं फोनवर,
व्याज, साठ महिने, पेट्रोल.
गुडघ्याला तेल चोळत असणार ती,
मध्येच थांबून म्हणाली,
‘पायरी किती उंच असते गं तिची?’

पायरी नसते, हे सांगायचंच राहिलं.
पानाच्या कडेला लिहिलं, यावेळी पेननं:
शनिवार. वाकड. टेप नेणे.