अधिक अडीच, उणे सात

भाऊसिंगजी रोडला माझं दुकान, नदाफ चष्मेवाला.
साहित्यातलं मला विचारू नका.
मला दोघांचे नंबर तेवढे पाठ.

शिवगोंडा मगदूम, कादंबरीकार, अधिक अडीच.
लांबचं लख्ख दिसायचं. दुकानाच्या पायरीवरून
जोतिबाच्या डोंगराची कड बोटानं काढून दाखवायचे.
पोस्टकार्ड मात्र हातभर लांब धरून वाचायचे,
मग हात पुरेना, म्हणून माझ्याकडे आले.

हेर्लेकर सर, समीक्षक, उणे सात.
चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे धूर.
पण कागद नाकाला लावला
की अनुस्वाराच्या पोटातली शाईसुद्धा दिसायची.

एक मंगळवारी यायचे, एक शुक्रवारी.
तीस वर्षं मी वार सांभाळले,
दोन वस्ताद एका हौद्यात उतरू नयेत म्हणून.

सरांनी एकदा लिहिलं म्हणे,
मगदुमांच्या गुऱ्हाळात काहील मोठी, रस पातळ.
हे मला चहावाल्या पोरानं सांगितलं,
म्हणजे बघा की, कुठवर गेलं असेल.
मंगळवारी मगदूम आले, काचा पुसत बसले,
म्हणाले, नदाफ, गुळाला आधी रस पातळच लागतो.
हसले.
चष्म्याची दांडी हातात मोडली.
नवी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत.

सांजचं गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून देतात,
तिथं दोघंही जायचे,
खांबाच्या अलीकडं एक, पलीकडं एक.
फेसाच्या मिशा सारख्याच.
हे कुठं छापून आलेलं नाही.

मगदूम गेले तेव्हा सरांचा मोतीबिंदू पिकला होता.
शोकसभेत उठले, चिठ्ठी उलटी धरून
बराच वेळ उभे राहिले,
"बसतो" म्हणाले आणि बसले.
लोक म्हणाले, मेल्यावरही एक शब्द सुटंना म्हाताऱ्याच्या तोंडातनं.

मग चौकाला नाव दिलं. निळी पाटी, पांढरी अक्षरं:
शिवगोंडा मगदुम चौक.

ऑपरेशननंतर नव्या काचांनी सरांनी
पहिली वाचली ती ही पाटी.
माझ्याच काउंटरवर बसून महापालिकेला अर्ज लिहिला.
म्हटलं, सर, एवढ्याशा उकारासाठी?
म्हणाले, प्रत्यय लागला तर आखूड चालतो, नदाफ.
मगदुमांचा, मगदुमांना.
नाव एकटं उभं राहिलं की दीर्घच पाहिजे.
अर्जात मधली एक ओळ त्यांनी खोडली,
अशी खोडली की कागद फाटला.
मी विचारलं नाही.

सात महिने, चार अर्ज, हेलपाटे वेगळे.
पाटी बदलली.
सर रिक्षानं गेले, रिक्षावाल्याला थांबवून
त्या दूला हात लावून आले.
जोतिबाच्या यात्रेआधी वारले.
त्यांच्या नावाचा चौक नाही, बोळसुद्धा नाही.

आता एक सांगतो, अजून कुणाला बोललो नाही.
माझी पावतीबुकं मी टाकलेली नाहीत.
त्यात मगदुमांच्या सह्या आहेत, तेवीस.
तेवीसच्या तेवीस ऱ्हस्व.
पुस्तकांवरचा दीर्घ छापखान्यातलं कुणीतरी करत असणार,
माणूस स्वतः जन्मभर आखूडच लिहीत होता.
म्हणजे पहिली पाटी लिहिणारा पेंटर चुकला नव्हता.

आणि सरांना हे ठाऊक नव्हतं?
उणे सातच्या डोळ्यांना,
कागद नाकाला लावून वाचणाऱ्याला?

परवा विद्यापीठातली एक पोरगी आली,
मगदुमांवर प्रबंध लिहितेय.
काका, तुमच्याकडं त्यांचं काही आहे का?
पावतीबुक काउंटरवरच होतं, त्यावर मी हात ठेवला.
म्हटलं, नंबर आहे.
अधिक अडीच.
तिनं लिहून घेतलं,
आणि हेर्लेकरांचं मी आपणहून सांगितलं,
तर म्हणाली, ते कोण?