चष्म्याची दोरी

पुतणी म्हणाली, काकू, तीस वर्षं झाली लग्नाला,
घड्याळ घ्या काकांना, चांगलंसं.
ज्याची वेळ भरती ठरवते
त्याच्या मनगटाला घड्याळ कशाला?

गेल्या साली शर्ट दिला होता.
अजून टाचण्यांसकट कपाटात आहे,
कुणाच्या तरी लग्नात घालीन, म्हणतो.
बनियन मात्र असा झिजवतो
की धुताना माझी बोटं आरपार दिसतात.

मुकादमांच्या दुकानात अर्धा तास उभी.
विजेरी हातात घेतली, ठेवली.
चपला बघितल्या, तर पायाचा नंबर आठवेना.
इतकी वर्षं तेल लावलं त्या भेगांना
आणि नंबर आठवेना.

मग गल्ल्याशेजारी टांगलेली दिसली
काळी दोरी, चष्म्याच्या काड्यांना अडकवायची.
पस्तीस रुपये.
दाभोळच्या खाडीत याचे तीन चष्मे आहेत;
होडीच्या मशीनवर वाकला, की गेला.
तळाची एखादी कुर्ली
आता पेपर वाचत असेल.

मुकादम म्हणाले, गिफ्ट पॅक करू?
म्हटलं, करा की.

रात्री त्याने कागद न फाडता सोडवला,
घडी घालून फळीवर ठेवला.
दोरी ताणून बघितली, दोनदा,
नांगराचा दोर बघतात तशी.
"बरी आहे," म्हणाला.
गळ्यात अडकवली, चष्मा डोळ्यांवर नेला.
मी कालवण वाढत होते.
बघतच राहिला.
"हा हनुवटीवरचा तीळ कधीचा?"
"होताच," म्हटलं.
"निवतंय सगळं. जेव आधी."