प्लेट क्रमांक सतरा

पाषाणच्या लॅबमध्ये, पहाटे पावणेचारला
तस्नीम प्लेट उजेडापुढे धरते.
दुधी सायीत टाचणीच्या डोक्याएवढी भोकं.

संगम पुलाखालून नाक दाबून आणलेल्या
पाण्यातल्या कुणीतरी
जिवाणूची भिंत आतून कापलीय.

तशी कात्री त्याच्याकडेही असतेच, स्वतःची.
वाढायचं तर आपलीच भिंत
टाका टाका उसवायची,
लगेच शिवायची.
उसवण जरा जास्त झाली, की संपलं.

वॉर्डात गेणूभाऊंच्या पायात
हे शिवणकाम अजून बिनचूक चालू आहे.
काल औषधानं थोड्या भिंती पडल्या,
तर ढिगाऱ्यानंच ताप चढला.

ती जांभई देते. डोळ्यांत पाणी येतं.
त्यातही तसलंच एक विकर,
जन्मापासूनचं, बारीक धारेचं.

बाहीनं पुसते,
आणि भोकं पुन्हा पहिल्यापासून मोजते.